कुरणात भरलेली शाळा

नमुन्यासाठी आलेला गहू अनुभवी व्यापारी प्रथम मुठीत घेतो, त्याचा वास घेतो आणि एखादा दाणा दाताखाली फोडून पाहतो. दाण्यात ओल किती आहे, हे त्याला तेवढ्यावरून कळते. ही पारख पुस्तकातून आलेली नसते. डोळे, नाक आणि बोटे यांना वर्षानुवर्षे लागलेल्या वळणातून ती येते. बालशिक्षणाचे मर्मही हेच आहे. अत्यंत प्रतिकूल परिस्थितीत ते ज्यांनी सिद्ध करून दाखविले, त्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे कार्य म्हणूनच पुन्हा स्मरण्याजोगे आहे.

ताराबाईंनी भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे धडे गिरविले आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाच्या कार्याला प्रारंभ झाला. मॉन्टेसरी पद्धतीतील साधने सुबक, परंतु महाग. शहरातील सधन घरांना ती परवडत. खेड्यातील मुलाने काय करावे? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी १९४५ साली समुद्रकाठच्या बोर्डी गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र उभे राहिले. अनुताई तेथे त्यांना येऊन मिळाल्या. पुढे हे केंद्र डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या सान्निध्यात गेले.

शाळा उघडली म्हणजे मुले येतात, हा समज तेथे टिकला नाही. मोठ्या मुलांवर गुरे राखण्याचे काम असे, तर मुलींच्या कडेवर धाकटे भावंड असे. आईबाप मजुरीला गेल्यावर ही कामे दुसरे कोण करणार? मुलांना दोष देणे सोपे होते. या दोघींनी शाळेची रीतच बदलली. लहान मुले येत नाहीत, तर शिक्षिका त्यांच्या अंगणात गेल्या. त्यातून अंगणवाडीची कल्पना रुजली. गुराख्यांसाठी कुरणातच वर्ग भरू लागला. गुरे चरत आणि मुले शिकत. तिला नाव मिळाले ‘कुरणशाळा’. भावंडांना सांभाळणाऱ्या मुलींसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी ‘विकासवाडी’ आकाराला आली.

साधनांचा प्रश्नही निसर्गानेच सोडविला. शिंपले, खडे, बिया, पाने हेच शिक्षणसाहित्य झाले. चिंचोके मोजताना संख्या कळते. पाने लहानापासून मोठ्यापर्यंत मांडताना क्रम कळतो. खडबडीत साल आणि गुळगुळीत खडा हाताळताना शब्दाला अर्थ येतो. फुकट मिळालेले हे साहित्य कमी प्रतीचे मुळीच नव्हते, कारण ते मुलाच्या ओळखीचे होते. १९७५ साली केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांनी ‘अंगणवाडी’ हेच नाव धारण केले.

आजच्या सुस्थित घरांतील चित्र नेमके उलटे आहे. तेथे शाळा आहे, साधने आहेत, वाहन दारात येते; हरवले आहे ते अंगण. इमारतीतून गाडीत, गाडीतून वर्गात आणि वर्गातून शिकवणीत जाणाऱ्या बालकाच्या पायाला आठवडाभर माती लागत नाही. तूरडाळ आणि हरभराडाळ यांतील भेद त्याला डब्यावरील चिठ्ठी वाचून कळतो. वर्षातून एकदा निघणारी सहल ही उणीव भरून काढू शकत नाही. कारण निरीक्षण हा एका दिवसाचा सोहळा नसून नित्याची सवय आहे.

ही सवय लावण्यास मोठा खर्च लागत नाही. शाळा निवडताना इमारतीबरोबर तिच्या आवारात झाड आहे का आणि त्याखाली मुले बसतात का, हेही पाहावे. सुटीच्या दिवशी नातवाला दुकानात न्यावे, पाच धान्ये त्याच्यापुढे ठेवावीत आणि डोळे मिटून ओळखण्यास सांगावे. बागेत गेल्यावर पान तोडू न देता गळलेली पाने वेचू द्यावीत. कपडे मळतील, वेळ जाईल. त्याची चिंता करू नये. कोसबाडच्या गुराख्यांसाठी शाळा कुरणापर्यंत चालत गेली. ज्यांच्या दारी शाळा आहे, त्यांनी आपल्या मुलांना निदान अंगणापर्यंत तरी न्यावे.