घरचे बी आणि जिभेची साक्ष

परसात आपोआप उगवलेल्या, अथवा गेल्या हंगामातील बी राखून लावलेल्या टोमॅटोंविषयी पुष्कळ घरांत शंका घेतली जाते. बी दुकानातले नाही, पाकिटावर कंपनीचे नाव नाही. मग ही फळे मुलाबाळांस द्यावीत की नाही? शंका रास्त आहे, परंतु उत्तरही स्पष्ट आहे. पिकलेला, निरोगी टोमॅटो निःशंकपणे खावा.

टोमॅटोचे परागीभवन बहुधा त्याच फुलात होते. त्यामुळे साध्या जातीचे बी आईच्या वळणावर जाते. संकरित जातीचे बी लावल्यास फळे लहानमोठी, आंबटगोड अशी निरनिराळी निघतात. त्यात निराशा असेल, विष नाही. शेजारी धोतरा उगवला म्हणून त्याचा दोष टोमॅटोत उतरत नाही. पाने मात्र भाजीसाठी वापरू नयेत.

खरी सावधगिरी हवी ती त्याच कुंपणावरील दुधीविषयी. आपल्या माळव्यात त्यास लौकी म्हणतात. या वेलाची नरफुले व मादीफुले वेगळी असून पराग कीटक वाहून नेतात. जवळपास कडू भोपळ्याचा वेल असल्यास त्याचा पराग येथे येतो. त्या वर्षीचे फळ नेहमीसारखेच लागते; दोष बियांत दडून राहतो आणि पुढील वर्षीच्या वेलावर प्रकट होतो. हा कडूपणा कुकुरबिटासिन नामक द्रव्याचा. तो शिजवूनही जात नाही. २०१० साली दिल्लीत कडू दुधीचा रस प्यायल्यानंतर एका गृहस्थांचा मृत्यू झाला. पुढे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या तज्ज्ञ समितीने कडू लागणारा रस मुळीच घेऊ नये, असे बजावले.

आपल्या घरांत अन्न टाकणे पाप मानतात, आणि कडू ते गुणकारी अशीही समजूत आहे. ती कारल्यापुरती ठेवावी. दुधी चिरताना लहानसा तुकडा जिभेवर ठेवून पाहावा. कडू लागल्यास थुंकून टाकावा, चूळ भरावी आणि सबंध फळ फेकून द्यावे. गूळमसाल्यात ते झाकू नये. खाण्यात आलेच आणि उलट्या, जुलाब सुरू झाले, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. पीपलरावांसारख्या गावी हा वेळ विशेष मोलाचा.

यावरून बी राखणेच सोडावे, असे मात्र नव्हे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी बियाणे घरात जतन केली आणि २०२० साली त्यांस पद्मश्री जाहीर झाली. आपणही निरोगी झाडावरचा पूर्ण पिकलेला टोमॅटो निवडावा, गर दोनतीन दिवस पाण्यात आंबवून बी धुवावे व सावलीत वाळवावे. दुधीचे बी धरताना मात्र आसपास कडू वेल नाही, याची आधी खात्री करावी. बी राखणाऱ्या हाताला चाखणाऱ्या जिभेची जोड असली, म्हणजे परसातील फळ निर्धास्त पानात वाढता येते.