जाहिरातीआधी पत्ता

ताडोबाच्या परिसरात चार खोल्यांचे निवासगृह चालविणाऱ्याने प्रथम जाहिरातीवर पैसा ओतावा, हा शहरी सल्लागारांचा आग्रह मला मान्य नाही. मोहर्ली आणि कोलारा ही प्रवेशद्वारे परस्परांपासून इतकी दूर आहेत की, सफारीचा परवाना एका दाराचा आणि मुक्काम दुसऱ्या दाराशी, अशी ज्याची गत झाली, तो पाहुणा पहाटेच्या अंधारात मालकाच्या नावाने बोटे मोडतो. आणि त्या रोषाची नोंद गूगलच्या दप्तरी वर्षानुवर्षे कायम राहते. म्हणून नकाशावरील खूण बिनचूक असावी. दाराचे अंतर, मंगळवारची सुट्टी, पावसाळ्यात गाभाक्षेत्र बंद असल्याची वर्दी हा तपशील मराठी, हिंदी, इंग्रजीत ठळक लिहावा. आणि उसन्या वाघाऐवजी स्वतःच्या न्हाणीघराचे छायाचित्र लावावे. (सहकुटुंब येणारा तेच आधी पाहतो!)

गडचिरोलीत वनोपज विकणाऱ्यांचा प्रश्न निराळा. २००९ साली सामूहिक वनहक्क मिळालेल्या मेंढा-लेखासारख्या गावांपाशी बांबू आहे, अन्यत्र मोहफुले, मध आहे. रेंज मात्र बेभरवशाची. तेथे फोन कोणत्या वेळी लागतो, माल कोणत्या हंगामातला, आणि डाकखर्च किती, हे किमतीच्या शेजारीच नमूद करावे.