अ‍ॅटिकसवरचा आरोप टिकत नाही



हार्पर ली यांच्या ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ (१९६०) या कादंबरीवरचे गेल्या अंकातले पत्र वाचले. कोर्टात न्याय सांगणारा अ‍ॅटिकस फिंच घरावर बेतताच सत्य दडपतो, हा आक्षेप मला मुळीच पटला नाही.

तिसावे प्रकरण पुन्हा वाचावे. मुलांवर हल्ला करणाऱ्या बॉब युएलला आपल्याच मुलाने, जेमने मारले, अशी अ‍ॅटिकसची समजूत असते. तरी प्रकरण मिटवायला तो साफ नकार देतो. मुलांच्या नजरेतून उतरणे त्याला मंजूर नाही. अखेर तो नमतो ते बॉबला खरोखर मारणाऱ्या, शेजारच्या एकलकोंड्या बू रॅडलीसाठी. बॉब स्वतःच्याच सुरीवर पडून मेला, असे शेरीफने परस्पर ठरवावे का, हा प्रश्न मलाही छळतो. पण याला घराणेनिष्ठा म्हणता येत नाही.

जेमचा न्यायावरचा विश्वास तडकतो तो कोर्टात. अ‍ॅटिकसचा अशील टॉम रॉबिन्सन याच्यावर बॉबची मुलगी मेयेला हिच्यावर बलात्कार केल्याचा आरोप असतो. तिच्या चेहऱ्याची उजवी बाजू सुजलेली, म्हणजे मारणारा डावखुरा असणार; आणि टॉमचा तर डावा हातच कापसाच्या यंत्रात सापडून निकामी झालेला. एवढे समोर दिसूनही ज्युरी टॉमला दोषी ठरवते, आणि जेम रडतो. त्याच निकालाने टॉमची तीन मुले पोरकी होतात. त्यांच्या वाट्याला लेखिकेने फार थोड्या ओळी दिल्या. आक्षेप घ्यायचाच तर तिथे घ्यावा.

– एक वाचक, नाशिक