राजाच्या वाटेवरचे स्टेशन

उर्दूत हमरस्त्याला 'शाहराह' म्हणतात. शाह म्हणजे राजा, राह म्हणजे वाट. राजे गेले, वाट राहिली; तिच्यावर आता मोटारींचे राज्य आहे. आणि मोटार नसलेल्या माणसाचे स्टेशन आपण नेमके त्या राज्याच्या मधोमध उभे करतो.

मुंबईची मेट्रो ७ पाहा. दहिसर पूर्व ते गुंदवली ही गाडी पश्चिम द्रुतगती महामार्गाच्या दुभाजकात खांब रोवून वरून नेली. आरेपर्यंतचा टप्पा २ एप्रिल २०२२ला सुरू झाला, पुढचा १९ जानेवारी २०२३ला. ती लोकांच्या उपयोगाची आहे, यात वाद नाही. वाद जागेचा आहे. मालाड किंवा गोरेगावच्या जुन्या रेल्वे स्टेशनातून बाहेर पडले की बाजार लागतो. इथे खाली पाहिले की महामार्ग. स्टेशनाच्या सर्वांत जवळच्या जागेवर घर नाही, दुकान नाही, फक्त धावत्या गाड्या.

लॉस एंजेलिसने हे आपल्या आधी केले. तिथली ग्रीन लाइन ही हलकी रेल्वे १९९५ साली फ्रीवेच्या दुभाजकातून सुरू झाली. विमानतळाच्या जवळून जाऊनही ती विमानतळात शिरली नाही. प्रवाशांना कित्येक वर्षे पुढे बस धरावी लागली. रस्त्याच्या सोयीने रूळ टाकले की असे होते.

यावर उत्तर ठरलेले असते : 'दुभाजकात भूसंपादन लागत नाही, गरिबांची घरे वाचतात.' घरे वाचतात हे खरे आणि मोलाचे आहे. पण जमिनीचा वाचलेला खर्च कोणाच्या पायांनी फेडला जातो? धुणीभांडी करून परतणाऱ्या बाईच्या, गुडघे धरून जिना चढणाऱ्या म्हाताऱ्याच्या. म्हणून वाचलेल्या पैशांवर पहिला हक्क त्यांचा. पादचारी पूल सेवा रस्त्यापाशी संपू नये, वस्तीपर्यंत जावा. लिफ्ट चालू असावी. खाली बस उभी असावी.

घाटनांदूरात बसून मुंबईची उठाठेव कशाला, असे कोणी विचारेल. आमच्या गावाला परळी–विकाराबाद मार्गावरचे स्टेशन आहे. गाडीने पोटापाण्याला शहर गाठणारी आमचीच मुले तिथे ते जिने चढतात. शिवाय छत्रपती संभाजीनगरात शेंद्रा ते वाळूज मेट्रोची चर्चा अधूनमधून होतेच. उद्या तो नकाशा मांडला जाईल, तेव्हा खांब कुठे बसतील हे विचारण्याआधी आपण एकच विचारायला हवे : माणूस घरातून निघून फलाटापर्यंत पोचणार कसा?