म्हाताऱ्यांना बसवून ठेवू नका

आमच्या बुऱ्हाणपूर भागात ज्यांनी आयुष्यभर केळीचे घड खांद्यावरून वाहिले, ते आजोबा आज चर्चमध्ये गुडघे टेकल्यावर बाक धरल्याशिवाय उठू शकत नाहीत. "वय झाले, चालायचेच," असे आपण म्हणतो. आमच्या मते यात वयाइतकाच आपलाही दोष आहे.

चाळिशीनंतर स्नायू हळूहळू झिजतात, साठीनंतर ही झीज वाढते. डॉक्टर तिला सार्कोपेनिया म्हणतात. मांड्यांतील बळ गेले की तोल जातो, माणूस पडतो, खुब्याचे हाड मोडते आणि पुष्कळदा अंथरूण सुटत नाही.

पण गेलेले बळ बरेचसे परत मिळते. बोस्टनच्या डॉक्टरांनी नव्वदीच्या घरातील १० वृद्धांकडून ८ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम करून घेतला. १९९० साली त्यांनी प्रसिद्ध केले की पायांची ताकद सरासरी अडीच पटींहून अधिक झाली. व्यायाम थांबताच ती पुन्हा घटू लागली.

आपण मात्र मायेपोटी आजोबांच्या हातातला विळा काढून घेतो, त्यांना बाजेवर बसवतो आणि चहा-टोस्टवर ठेवतो. आम्हीही हेच केले. चर्चच्या आवारातले गवत काढणाऱ्या एका वृद्ध बांधवाला आम्ही "आता विश्रांती घ्या" म्हणालो. वर्षभरात त्यांच्या हाती काठी आली. त्याची खंत आम्हांला आहे.

वृद्धांना प्रथिने कमी नव्हे, जास्तच लागतात. ५० किलो वजनाच्या आजीला रोज ५० ते ६० ग्रॅम हवीत. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम असतात. भाकरीबरोबर घट्ट वरण, उसळ, दूध, शेंगदाण्याचे कूट द्यावे. दात नसतील तर हरभरे मऊ शिजवून वाटावेत. मूत्रपिंडाचा विकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. उपवासकाळात हेही ध्यानात असावे की चर्चच्या नियमाने ५९ वर्षे पूर्ण झालेल्यांवर उपवासाचे बंधन नाही.

शिवाय रोज दोन वेळा, जवळ कोणी उभे असताना, खुर्चीवरून हात न टेकता दहादा उठावे-बसावे. जमेल तसे वाढवावे. शेंगा निवडणे, पाण्याची लहान कळशी आणणे, बांधापर्यंत फेरी मारणे ही कामे त्यांच्याकडेच राहू द्यावीत.

वडीलधाऱ्यांचा मान राखायचा तर त्यांना ताटात वरण आणि हाताला काम द्या. आम्ही त्या बांधवाला पुन्हा आवारात बोलावले आहे.