शंभर पीएसआयचा माज

‘कोकणात रस्ते खराब आहेत, हवा टाईट ठेवा.’

हिवाळा लागला की सायकल ग्रुपवर हा मेसेज फिरायला लागतो. मांडवा ते मुरुड, पुढे फेरीबोटीने दिघी, मग दिवेआगर-श्रीवर्धन अशी दोन दिवसांची राईड ठरलेली असते. रो-रोचं तिकीट निघालेलं असतं. आणि कुणीतरी अनुभवी दादा सगळ्यांना बजावतो, शंभर पीएसआय भरा, पंक्चर होणार नाही. खाली अंगठ्यांची रांग.

त्या एका ओळीत जेवढं चुकीचं ज्ञान ठासलंय, तेवढी हवा त्या टायरातही मावणार नाही. रस्ता खराब असेल तर हवा कमी करायची असते, आणि टायर रुंद घ्यायचा असतो. हे सांगितलं की लोक माझ्याकडे दयेने बघतात. मी अलिबाग तालुक्यात राहते, याच रस्त्यांवर रोज सायकल चालवते, आणि दर शनिवार-रविवारी २५ मिलिमीटरच्या दगडी टायरांवर बसून मनगटं झटकत चाललेली माणसं बघते. त्यांतली काही पुन्हा कधी दिसत नाहीत. सायकलिंग आपल्याला जमत नाही, असं ठरवून ती घरी गेलेली असतात. त्यांना सायकलिंग जमत होतं. त्यांना कुणीतरी चुकीचा आकडा दिला होता.

आधी तो आकडा येतो कुठून ते बघू. टायरच्या बाजूवर छापलेला असतो: कमाल दाब अमुक. ही कंपनीने घातलेली मर्यादा आहे, तिने दिलेला सल्ला नव्हे. लिफ्टमध्ये ‘कमाल ८ व्यक्ती’ लिहिलेलं असतं म्हणून आपण खाली उभं राहून उरलेल्या सात जणांची वाट बघत नाही. टायरच्या बाबतीत मात्र सगळे नेमकं तेच करतात.

गंमत म्हणजे टायरात हवा भरण्याची कल्पना गाजली तीच मुळात मऊपणासाठी. १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरने मुलाच्या तीनचाकीला हवेचे टायर बसवले, कारण भरीव रबरावर ती सायकल फार हादरे द्यायची. पुढच्याच वर्षी विल्यम ह्यूम हा सायकलपटू असे टायर लावून शर्यतीत उतरला आणि भरीव रबरवाल्यांना हरवून गेला. मऊ चाक वेगवान निघालं. तेव्हापासून आपण त्यात इतकी हवा कोंबतोय की ते पुन्हा भरीव व्हावं.

हिशोब साधा आहे. चालवणारा ७० किलोचा, सायकल आणि सामान मिळून १२, एकूण ८२. त्यातलं साधारण ६० टक्के वजन मागच्या चाकावर. शंभर पीएसआयला मागचा टायर रस्त्याला जेमतेम सात चौरस सेंटिमीटर टेकतो, म्हणजे एखाद्या पोस्टाच्या तिकिटाएवढा. चाळीस पीएसआयला तोच हिशोब सतरा-अठरावर जातो. आगपेटी आडवी ठेवा, तेवढी जागा. आता तुम्हीच सांगा, सासवण्याच्या आतल्या गल्लीत पेव्हर ब्लॉकवर वाऱ्याने वाळू पसरलीय आणि समोरून म्हैस आली, तर ब्रेक दाबताना तिकिटावर उभं राहायला आवडेल की आगपेटीवर?

यावर उत्तर ठरलेलं: पकड ठीक आहे हो, पण वेग? कारखान्यात गुळगुळीत लोखंडी ड्रमवर टायर फिरवला तर जास्त हवेचा टायर सहज फिरतो, हे खरंच आहे. पण त्या ड्रमवर माणूस बसलेला नसतो. खडबडीत रस्त्यावर कडक टायर प्रत्येक खडीवरून सायकल आणि माणूस दोघांना उचलतो आणि आपटतो. तुमच्या मांड्यांनी कमावलेली ताकद तुमचेच खांदे हलवण्यात जाते. मऊ टायर खडी पोटात घेतो आणि पुढे जातो. सिअॅटलच्या यान हाइन यांनी गेली वीसेक वर्षं खऱ्या रस्त्यांवर, खरी माणसं सायकलवर बसवून हे मोजलं आणि ‘बायसिकल क्वार्टर्ली’ या आपल्या मासिकात छापलं. (ते स्वतः रुंद टायर विकतात, हेही सांगून टाकते. तुम्ही ते विकत घेऊ नका, हिशोब तेवढा घ्या.) टूर द फ्रान्सवाले पूर्वी २३ मिलिमीटरवर चालवायचे, आता २८-३० वर आलेत. ते काही आरामासाठी नाही.

कडक टायरवर वेग जास्त वाटतो, कारण हात थरथरत असतात. लाल डब्याची एसटी तीसच्या वेगानेही खडखडते म्हणून ती वंदे भारत होत नाही.

अंगठ्याने टायर दाबून बघणाऱ्यांसाठी एक सूचना. अंगठा खोटं बोलतो. टायरच्या कापडावरचा ताण दाब आणि रुंदी या दोन्हींवर ठरतो. त्यामुळे ४० मिलिमीटरचा टायर ४५ पीएसआयला अंगठ्याला जेवढा कडक लागतो, तेवढाच २५ चा टायर ७२ ला लागतो. गेज घ्या.

किंवा आमच्याकडच्या बाजारातल्या सायकलवाल्या काकांकडे जा. त्यांना मी एकदा विचारलं, “काका, हवा किती भरायची?”

“किती म्हंजे? बस सीटवर, बाय. भिंतीला हात लाव.”

मी बसले. ते खाली वाकले, मागचा टायर जमिनीजवळ कितपत दबतोय ते बघितलं, आणि वॉल्व्हवर नख ठेवलं. “फुगलाय दगडासारखा. सोडतो जरा.” एवढंच.

फ्रँक बर्टो या अमेरिकन इंजिनिअरने असंख्य टायरांवर वजन ठेवून मोजमापं घेतली आणि निष्कर्ष काढला की वजन पडल्यावर टायर त्याच्या उंचीच्या सुमारे १५ टक्के दबला की दाब बरोबर. ४० मिलिमीटरच्या टायरला सहा मिलिमीटर. काकांच्या नखाला हे कुणी शिकवलं नव्हतं.

आणि त्यांच्या दुकानाबाहेर उभी असते ती काळी, रॉडच्या ब्रेकची, मागे मोठं कॅरिअर असलेली सायकल. तिच्या टायरवर काय लिहिलंय ते कधी वाचलंय? २८ × १½, आणि खाली आंतरराष्ट्रीय मापात ४०-६३५. चाळीस मिलिमीटर. ज्या रुंदीला आज ‘ग्रॅव्हल’ म्हणतात आणि काचेच्या शोरूममध्ये विकतात, त्या रुंदीवर पाववाला पहाटे भोंगा वाजवत वाडीवाडीतून फिरला, पोस्टमन फिरला, दूधवाला दोन्ही बाजूंना कॅन लावून फिरला. खडी, मुरूम, जांभ्याचा लाल चुरा, शेणाने निसरडी झालेली पाखाडी, सगळ्यांवरून. त्यांनी या प्रकाराला काही नाव दिलं नाही, इव्हेंट केला नाही. सायकल जड होती हे कबूल. चढावर उतरून ढकलावी लागायची. पण टायर बरोबर होता.

त्या सायकली बनवणाऱ्या अॅटलसच्या साहिबाबाद कारखान्याचं काम ३ जून २०२० ला थांबलं. त्या दिवशी जागतिक सायकल दिन होता. आणि त्याच दिवशी आमच्या किनाऱ्यावर निसर्ग चक्रीवादळ धडकलं, त्यामुळे इथे कुणाला ती बातमी वाचायला सवड नव्हती. नंतर कितीतरी दिवस झाडं आडवी पडलेल्या रस्त्यांवरून मोटारी जात नव्हत्या. सायकली खांद्यावर उचलून पलीकडे नेता येत होत्या.

ग्रॅव्हलच्या दुकानदारांशीही माझं भांडण आहे, ते इथेच सांगते. एका परदेशी टायरच्या किमतीत गावातल्या मुलीला शाळेत जायला जुनी सायकल येते. तुम्हाला तो टायर लागत नाही. साध्या हायब्रिडला आधीच ३५ ते ४० चे टायर असतात. एमटीबी असेल तर गोट्यागोट्यांचे टायर काढून २६ × १.९५ चे सपाट नक्षीचे लावा, तालुक्याच्या गावी मिळतील. रोडबाईकच्या फ्रेममध्ये २८ च्या पुढे मावत नसेल तर २८ लावा. ट्यूबलेसचा एवढा गाजावाजा आहे, पण आतलं द्रावण आपल्या उन्हात दोन-तीन महिन्यांत वाळतं, आणि बोर्ली पंचतनला ते कुठे मागणार? ट्यूब चालते. एक जास्तीची जवळ ठेवा. नक्षीचंही तसंच. सायकलचा टायर मोटारीसारखा पाण्यावर तरंगत नाही, त्यामुळे डांबरावर सपाट टायर पावसातही चालतो. आगरदांड्याच्या जेटीच्या उतारावरच्या शेवाळावर मात्र कुठलीच नक्षी वाचवत नाही. तिथे उतरून चाला.

आता आकडे, कारण शिव्या घालून आकडे न देणं बरं दिसत नाही. एकूण ८२ किलोला: ४० च्या टायरात डांबरावर मागे ४०, पुढे ३४-३५. मुरूम आणि फुटक्या रस्त्यावर मागे ३५, पुढे ३०. टायर ३२ चा असेल तर मागे ६०, पुढे ५२. २८ असेल तर पंचाहत्तरच्या आसपास. दोन इंची टायरला तीसच्या आतबाहेर. ही सुरुवात समजा. रिम दगडाला लागल्याचा ‘टक्’ आवाज आला तर दोन-तीन वाढवा, नाहीतर ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतील. वळणावर मागचं चाक वळवळलं तरी वाढवा. उन्हात २० अंशांनी टायर तापला तर चाळीसचे सुमारे साडेत्रेचाळीस होतात, म्हणून सायकल सावलीत लावा.

पण ८२ किलो कुणाचे? शंभरचा सल्ला देणाऱ्या दादाचे. माझ्या ओळखीतल्या ५० किलोच्या मुलीलाही तोच आकडा मिळाला होता. तिचा हिशोब ४० च्या टायरला मागे तीस, पुढे सव्वीसच्या जवळ येतो. तिला रेवदंड्यापर्यंतच हाताची बोटं बधीर झाली, तेव्हा ग्रुपवर तिला ‘स्टॅमिना वाढव’ असं सुचवण्यात आलं. नव्वद किलोचा बाप्या आणि पन्नास किलोची मुलगी यांना एकच आकडा सांगणाऱ्याला सायकलमधलं काही कळत नाही, मग त्याच्याकडे कितीही मेडल असोत.

आणि टायर फक्त हात-पाय दुखवत नाही, तो नकाशाही छाटतो. कडक, बारीक टायरवाल्यांचा अलिबाग तालुका म्हणजे मांडव्याहून येणारा वाहता रस्ता आणि त्यावरच्या शनिवारच्या गाड्या. चौलच्या वाड्यांतल्या, जांभ्याच्या गडग्यांमधल्या बोळांत ते शिरत नाहीत. कोर्लईच्या दीपगृहाची वाट त्यांना नको असते. पूर्वेला पोयनाडकडे, शहापूर-धेरंडच्या बाजूला खाडीचं पाणी अडवणारे मातीचे बांध आहेत, एका अंगाला खाजण, दुसऱ्या अंगाला भातखाचरं. त्याच पट्ट्यात चरी गाव आहे. १९३३ पासून तिथल्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली खोतांविरुद्ध संप केला, वर्षानुवर्षं जमिनी न कसता. किनाऱ्यावर दहा वेळा येऊन गेलेल्या किती जणांनी चरी पाहिलंय? चाळीसच्या टायरात पस्तीस हवा असेल तर ते मुख्य रस्त्यापासून लांब नाही.

पुळणीवर जाऊ नका म्हणणार नाही. ओहोटीला नागावची ओली वाळू डांबरासारखी घट्ट असते. पण वरच्या कोरड्या वाळूत आणि वेलींवर चाकं घालू नका. दिवेआगर, हरिहरेश्वरला तिथे कासवं अंडी घालतात, आणि रुंद टायर म्हणजे सगळीकडे जायचा परवाना नव्हे. घरी आल्यावर चेन गोड्या पाण्याने धुवा.

उरलेलं भांडण थोडं मोठं आहे. राईडवरून परतल्यावर हीच मंडळी फुटक्या रस्त्याचे फोटो टाकून ‘रायगड कधी सुधारणार’ म्हणतात. आम्हालाही रस्ता हवाय. बाळंतपणाला अलिबाग गाठायचं असतं, एसटी वेळेवर यायला हवी असते, मासळी पोचायला हवी असते. अंतुल्यांच्या काळापासून ऐकलेल्या रेवस-रेड्डी सागरी महामार्गासाठी आता खाड्यांवरच्या पुलांची कामं निघालीत, त्याबद्दल इथे घराघरात दोन मतं आहेत. ज्यांची वाडी जाणार त्यांचं एक, ज्यांची पोरगी रोज खाडी ओलांडून कॉलेजला जाते त्यांचं दुसरं. त्या भांडणात तुमचा पंचवीसचा टायर घेऊन येऊ नका. तुमची अडचण गेजवर दोन मिनिटांत सुटणारी आहे.

पूल होईपर्यंत आगरदांडा-दिघी फेरीबोट आहे. ती पलीकडे लागेपर्यंत बसल्या बसल्या मागच्या चाकातली पाच पीएसआय हवा सोडून होते, पुढच्यातली चार. दिवेआगरहून शेखाडीमार्गे श्रीवर्धनला जाणारा रस्ता समुद्राला लागून आहे. तिथे मान वर करून बघता आलं पाहिजे.