वाकळ, शिलाई मशीन आणि मजुरीचा रकाना

पुण्याकडे जिला गोधडी म्हणतात, ती आपल्याकडची वाकळ. जुनी लुगडी एकावर एक अंथरायची, कडा दुमडून घ्यायच्या आणि कडेपासून मध्याकडे धावदोरा घालीत जायचे, ही तिची परंपरागत रीत. अलीकडे आपल्या अनेक घरांत हे काम शिलाई मशीनवर होऊ लागले आहे. काही भगिनी नातवंडांसाठी शिवतात, तर काही ऑर्डर घेऊन. त्यांच्याकडून दोन प्रश्न नेहमी कानावर येतात : घरच्या साध्या मशीनवर वाकळ नीट होते का, आणि ती परवडते का? दुसरा प्रश्न हिशेबाचा असल्याने माझ्या हद्दीतला आहे. पहिल्याविषयी जे लिहितो आहे ते आमच्या घरातील मशीनशेजारी बसून पाहिलेले आहे.

मशीन कापड पुढे सरकविते ते सुईखालच्या दात्यांच्या साहाय्याने. हे दाते फक्त खालच्या थराला ओढतात. वरचा थर प्रेशर फूटखाली दाबलेला असल्याने मागे रेंगाळतो. ब्लाउज शिवताना हा फरक जाणवत नाही. पण तीन-चार थरांवर सात फूट लांबीची टीप घातली की शेवटी वरचे कापड बोटभर उरते आणि चुण्या पडतात. यावर उपाय साधे आहेत. मशीनच्या माथ्यावरील दाबाचा स्क्रू थोडा सैल करावा, टाका लांब ठेवावा, सुई १६ किंवा १८ क्रमांकाची घ्यावी आणि मुख्य म्हणजे सर्व थर आधी हाताने कच्चे टाके घालून टाचून घ्यावेत. टाचण्याचा कंटाळा करणाऱ्यांनी या वाटेस जाऊच नये. वरचा थरही सोबत ओढणारे ‘वॉकिंग फूट’ बाजारात मिळते. आपल्या मशीनला बसत असेल तर अवश्य घ्यावे.

दुसरी अडचण जागेची. सुई आणि मशीनचा उभा खांब यांच्यामध्ये जेमतेम ६-७ इंचांचे अंतर असते. पाच फूट रुंदीची वाकळ त्यातून जायची, तर तिची गुंडाळी करावी लागते. म्हणूनच हाताची वाकळ कडेपासून आत येते, तर मशीनची मध्यापासून बाहेर न्यावी लागते. पहिली टीप मधोमध घालावी, मग एका बाजूचा अर्धा भाग संपवावा, नंतर वाकळ फिरवून दुसरा. अशाने खांबाखाली कधीही निम्म्याहून अधिक कापड येत नाही. एका अर्ध्या भागातील सर्व टिपा एकाच दिशेने घालाव्यात. एक टीप जाताना आणि दुसरी येताना घातली, तर दोहोंमधील कापड तिरके ताणले जाते. शिवलेला भाग टेबलाखाली लोंबकळू देऊ नये. त्या ओझ्याने सुई वाकते आणि दोष मात्र मशीनला दिला जातो.

कापडाची निवड याहून महत्त्वाची. झिजून मऊ झालेले सुती लुगडे हातशिलाईला उत्तम, कारण धावदोऱ्याचा टाका सैल आणि विरळ असतो. मशीनची घट्ट, दाट टीप अशा कापडाला भोकांची ओळ पाडते आणि दोन-चार धुण्यांत ते त्याच ओळीवर फाटते. मशीनला अंगात जोर असलेले कापड हवे. इचलकरंजीचे साधे सुती कापड किंवा गांधीनगरच्या बाजारातील सुती तुकडे घ्यावेत. मात्र आधी धुऊन, आटवून. हल्ली कपाटे भरली आहेत ती कृत्रिम धाग्याच्या साड्यांनी. त्यांची वाकळ दिसायला झगझगीत होते, पण अंगावरून घसरते, घाम टिपत नाही आणि शिवताना थर हातात राहत नाहीत. आजीच्या आठवणीखातर एखादा पदर वरच्या थराला लावावा, इतकेच.

तेव्हा मशीनची वाकळ ही हाताच्या वाकळीची स्वस्त नक्कल नव्हे. ती वेगळी वस्तू आहे. आपल्या दक्षिणेस हल्याळ-यल्लापूर भागातील सिद्दी स्त्रिया ‘कवंदी’ शिवतात, तिच्या कोपऱ्यांवर घडी घातलेल्या तुकड्यांची ‘फुले’ बसविल्याखेरीज ती पूर्ण झाली असे त्या मानीत नाहीत. ते काम हाताचेच. पण मशीनचे काम म्हणजे हलके काम, हा समजही खरा नव्हे. अमेरिकेतील पडूका या गावी भरणाऱ्या गोधड्यांच्या नामांकित स्पर्धेत १९८९ साली कॅरल ब्रायर फॅलर्ट यांच्या गोधडीला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. मशीनने टिपा घातलेल्या गोधडीला तो मान तेथे प्रथमच मिळत होता आणि हातशिलाईचा आग्रह धरणाऱ्यांना ते मुळीच रुचले नव्हते.

आता हिशेब. वाकळ पाच फूट रुंद, सात फूट लांब आणि टिपांत दोन इंच अंतर धरले, तर सुमारे ३० टिपा, म्हणजे २१० फूट शिलाई होते. टाका ४ मिलिमीटरचा असेल तर सोळा हजार टाके. मशीन हे दोन-अडीच तासांत करते. परंतु धुणे, इस्त्री, कापणे, टाचणे, गोट लावणे आणि शेवटी कच्चे दोरे उसविणे ही कामे मशीन करीत नाही. ती धरली की दोन दिवस सहज जातात.

शिलाई मशीन आणि कर्ज यांचे नाते जुने आहे. सिंगर कंपनीने १८५६ पासूनच मशीन हप्त्याने विकण्यास सुरुवात केली होती. बँकेत असताना माझ्यासमोरही मशीनसाठी कर्ज मागणारे महिलांचे अर्ज येत. त्यांत कापड, दोरा, सुया, तेल, वीज यांचा खर्च काटेकोर मांडलेला असे. मजुरीच्या रकान्यात शून्य. विचारले की उत्तर ठरलेले : “साहेब, शिवणार मीच आहे, मजुरी कुणाला द्यायची?” विक्रीतून साहित्याचा खर्च वजा करून जे उरे, त्याला त्या नफा म्हणत. तो नफा नव्हता. ती त्यांची स्वतःची मजुरी होती, आणि तीही बहुधा अपुरी.

आपण व्यापारी घरांतील माणसे. दुकानातील गुमास्त्याचा पगार खर्चात न धरता नफा काढणाऱ्यास आपण शहाणा म्हणणार नाही. मग घरात सून किंवा मुलगी वाकळ शिवून विकते, तेव्हा “रिकाम्या वेळेचे काम” म्हणून तिचे दोन दिवस वहीबाहेर कसे राहतात? आपल्यापैकी ज्यांचा कापडाचा किंवा चादरींचा व्यापार आहे, त्यांना तर अधिकच आग्रहाने सांगावेसे वाटते. घरी शिवणाऱ्या स्त्रीकडून वाकळ घेताना ‘विकली की पैसे’ ही बोली करू नये. दुकानदाराला भांडवल अडकविण्याची सवय असते; तिचे भांडवल म्हणजे तिची पाठ आणि डोळे. माल हाती येताच रोख द्यावी.

शिवणाऱ्या भगिनींनी मशीनच्या खणात एक वही ठेवावी. कापड धुवायला घेतल्यापासून शेवटचा कच्चा दोरा उसवेपर्यंत किती तास गेले, ते प्रत्येक वाकळीपुढे लिहावे. दिवसभर शिवणकाम करणाऱ्या कारागिराला गावात जी मजुरी मिळते, त्या दराने तासांची रक्कम काढून ती साहित्याच्या खर्चात मिळवावी, आणि मगच त्यावर नफा धरून किंमत सांगावी. ती ऐकून काही गिऱ्हाइके परत जातील. जी थांबतील, तेवढ्यांच्याच वाकळा शिवाव्यात.